अकरा मिनिटं हात न लावता

वैद्यबुवांनी जन्मात कुणाची नाडी बघितली नव्हती. ते संगणकवाले. पण त्यांच्या कंपनीत एक प्रोग्राम होता, इतका जुना की सगळे त्याला 'आजोबा' म्हणायचे. आजोबांची दुखणीखुपणी ह्या एकाच माणसाला कळतात अशी अख्ख्या मजल्याची खात्री, म्हणून हे वैद्यबुवा. कंपनी लिफ्टच्या दुरुस्तीची. शहरातल्या नऊशे इमारतींपैकी कुठल्या इमारतीत कुठला मेकॅनिक जाणार, त्याची आठवड्याची यादी आजोबा दर सोमवारी सकाळी काढून द्यायचे. यादी निघेपर्यंत वैद्यबुवांच्या खोलीचं दार बंद, आणि दारावर पाटी : 'काम नाजूक आहे.' शिपाई तिथून चवड्यांवर चालायचा. एकदा म्हणे मोठ्या साहेबांना नेमकी त्या दारापाशी शिंक आली, तर ती नाकात धरून ते पाच मजले उतरले आणि खाली फाटकाबाहेर जाऊन शिंकले.

आत वैद्यबुवा शब्दकोडं सोडवत बसलेले असायचे.

अगदी सुरुवातीला काम खरोखरच नाजूक होतं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण तिसऱ्या वर्षी त्यांनी स्वतःच आजोबांना असं ठणठणीत करून टाकलं, की पुढे काही करायलाच उरलं नाही. एक आज्ञा टाइप करायची, तीन रकाने डोळ्यांखालून घालायचे, यादी पाठवून द्यायची. सात मिनिटं. आजोबा बरे झाले, एवढं मात्र कुणाला सांगायचं राहून गेलं. सोळा वर्षं राहून गेलं.

एका मंगळवारी खात्याच्या साहेबीणबाईंनी त्यांना बोलावून घेतलं.

"आजोबांचं काम आता समुद्रापलीकडच्या कंपनीला द्यायचं ठरलंय, बुवा. तिथली माणसं स्वस्त पडतात. सहा आठवड्यांत त्यांना सगळं शिकवून टाका."

"आणि मग मी?"

साहेबीणबाईंनी टेबलावरचा स्टेपलर उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला. "तुम्ही आधी शिकवा तर."

शिकणारी म्हणून पडद्यावर एक पोरगी आली. सव्वीस-सत्तावीसची, कानाला हेडफोन, समोर वही, वहीला आखलेला समास. मागे काचेची भिंत आणि भिंतीपलीकडे तिच्यासारखीच वीसेक डोकी. वैद्यबुवांनी आज्ञा दाखवली, रकाने दाखवले, यादी पाठवली. पोरीने लिहून घेतलं आणि पेन वर करून ती थांबली.

"एवढंच, सर?"

टोमणा नव्हता, साधा प्रश्न होता. पण वैद्यबुवांची नजर तिच्या वहीवर गेली. एकोणीस वर्षांची नोकरी आणि तिच्या वहीत चार ओळी! आणि त्यांचं तोंड त्यांना न विचारताच बोलायला लागलं.

"एवढंच कसं? ही झाली वरवरची गोष्ट. यादी काढण्याआधी आजोबांना शांत करावं लागतं. पडद्यावरच्या तिन्ही खिडक्या बंद करायच्या, पुन्हा उघडायच्या. मग अकरा मिनिटं कीबोर्डला हात लावायचा नाही. मग प्रिंटर बंद करून चालू करायचा. असं पाच वेळा. मध्ये चुकून बोट लागलं, की पहिल्यापासून."

"आमच्याकडे प्रिंटर नाहीये, सर. आमच्या मजल्यावर कागदच नसतो."

"मग अवघड आहे," वैद्यबुवा गंभीरपणे म्हणाले.

त्यांना वाटलं, कुणीतरी हसेल. पण दोन्हीकडच्या वरिष्ठांनी पोरीने लिहून घेतलेलं टिपण वाचलं आणि मान डोलावली. ह्या धंद्याची रीतच तशी. जुन्या प्रोग्रामची पायरी कितीही खुळी दिसली, तरी ती काढून बघायची छाती कुणाची होत नाही. चालतंय ना, मग हात लावू नका. पुढच्या सोमवारी तिकडून फोटो आला. चार जणांनी उचलून सातव्या मजल्यावर आणलेला नवाकोरा प्रिंटर, कपाटाएवढा, आणि त्याच्या शेजारी ती पोरगी, हात मागे बांधून.

घरी जेवताना वैद्यबुवांनी तो फोटो बायकोला दाखवला. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. वर्षानुवर्षं लोकांच्या तोंडात डोकावून कोण खरं बोलतंय ते तिला न विचारता कळायचं. ती आधी खो खो हसली. मग फोटो बोटांनी मोठा करून बघत राहिली.

"हिला माहितेय का हो, की हे सगळं थोतांड आहे?"

"तिला कसं माहीत असणार?"

"मग ती खरंच अकरा-अकरा मिनिटं हात बांधून बसते?"

"बसत असेल," वैद्यबुवा म्हणाले आणि त्यांनी पाणी मागितलं. पाणी समोरच होतं.

पाचव्या आठवड्यात साहेबीणबाई स्वतः चालत त्यांच्या खोलीत आल्या. आजवर आल्या नव्हत्या.

"बुवा, बसा, बसा. अहो, तुमचं काम ह्या लोकांना झेपत नाहीये. त्या मुलीला यादी काढायला दोन तास लागतात. तिथे मिनिटामिनिटाची नोंद होते. तिचा टीम लीडर म्हणतो, मुलगी मंद आहे, शुक्रवारी तिला काढतो, दुसरी देतो. त्याच्याही डोक्यावर टांगती तलवार आहेच म्हणा, त्यांच्याहून स्वस्त कंपनी दाराशी येऊन बसलीय. ते असो. तुम्ही निदान वर्षभर इथेच राहा. मी वरून मंजुरी घेतलीय."

जे हवं होतं ते झालं होतं. वैद्यबुवांनी आनंद व्हायची वाट बघितली. आनंद काही आला नाही. कानाच्या पाळ्या तेवढ्या तापल्या.

दुपारी पोरगी पडद्यावर आली, तेव्हा वही बंदच होती.

"सर, तुमची माफी मागायची होती. तुम्ही इतकं नीट शिकवलंत, पण माझंच कुठेतरी चुकतंय. मी डबा सोडून बसते, सर. बोट लागू नये म्हणून हात मांड्यांखाली दाबून ठेवते. तरी वेळ कमी होत नाही. माझ्यामुळे तुमचं नाव खराब झालं."

वैद्यबुवांना भूमीने पोटात घ्यावं असं झालं, पण ते पाचव्या मजल्यावर होते. आणि त्या क्षणीही, बघा माणसाची जात, त्यांनी खरं सांगितलं नाही. ते म्हणाले, "अगं, आजोबांना मी कालच नवं औषध दिलंय. आता प्रिंटर नको की थांबणं नको. सात मिनिटांत होईल तुझं. सांग तुझ्या लीडरला."

त्यांना वाटलं, ह्यात दोघंही वाचलो. पण तासाभरात तिकडून उत्तर आलं : 'औषधाबद्दल आभार. आधीचे पाच आठवडे तिच्या नावावर तसेच राहतात. शुक्रवारचा निर्णय कायम.'

त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. बायकोने विचारलं नाही, फक्त ताटावर झाकण ठेवलं आणि म्हणाली, "लिहून पाठवू नका. तोंडाने सांगा, आणि तिच्यासमोर."

गुरुवारी ते साहेबीणबाईंपुढे उभे राहिले. "ते प्रिंटरचं मी रचलं होतं. अकरा मिनिटंही."

साहेबीणबाई हसल्या. "बुवा, तुम्ही फार मऊ मनाचे. एका मुलीसाठी स्वतःवर आळ घेताय!"

आता आली का पंचाईत! सोळा वर्षांचं खोटं असं मुरलेलं, की खरं बोलायला गेले तर कुणी ऐकेना. शेवटी त्यांनीच हट्ट धरून सगळ्यांना पडद्यावर बोलावलं. इकडून साहेबीणबाई आणि मोठे साहेब, तिकडून टीम लीडर आणि कोपऱ्यातल्या चौकोनात पोरगी. वैद्यबुवांनी खोलीचं दार सताड उघडलं. शिपाईही चहाचा ट्रे घेऊन आत आला आणि जायचं विसरला. सगळ्यांदेखत त्यांनी आज्ञा टाइप केली. प्रिंटर नाही, खिडक्या नाहीत, आणि मध्ये मुद्दाम कीबोर्डवर पालथा पंजा मारून दाखवला. यादी निघाली. रकाने बघितले. पाठवली.

"साडेसहा मिनिटं," टीम लीडर म्हणाला.

मोठे साहेब उगाच खाकरले. "आणि ह्याआधी बुवा? इथे, दार लावून?"

"इतकाच वेळ," वैद्यबुवा म्हणाले. "सोळा वर्षं."

शिपाई खुदकन हसला आणि त्याने लगेच ट्रेकडे मान वळवली. साहेबीणबाईंनी फाइल ओढून घेतली. वर्षभराच्या मंजुरीचा कागद त्यातून काढला आणि उलटा करून ठेवला.

कोपऱ्यातल्या चौकोनातून आवाज आला, "म्हणजे माझं चुकत नव्हतं?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही, बाळ."

ह्यावर ती 'सर' म्हणाली नाही. रागावली असती, रडली असती, तर वैद्यबुवांना काहीतरी धरायला मिळालं असतं. तिने हात पुढे केला आणि आपला कॅमेरा बंद केला. त्या काळ्या चौकोनात वैद्यबुवांना स्वतःचंच टक्कल दिसत राहिलं.

संध्याकाळपर्यंत काम सोपवल्याचा कागद लिहून द्यायचा होता. छापील नमुना बारा पानांचा. माणूस जितका मोठा तितकी पानं कमी पडतात, पुरवण्या जोडाव्या लागतात. वैद्यबुवांनी खरं तेवढं लिहिलं. आज्ञा, तीन रकाने, पाठवणं. अर्धं पानही भरलं नाही. उरलेल्या साडेअकरा पानांवर रीतीप्रमाणे तिरप्या रेघा मारायच्या असतात. त्यांनी पट्टी घेतली आणि एकेका पानावर रेघ मारत बसले. मग 'देणाऱ्याची सही' ह्या जागी सही केली आणि कागद पलीकडे धाडून दिला.

शुक्रवारी सकाळी तो परत आला. 'घेणाऱ्याची सही' ह्या जागी त्या पोरीचीच सही होती, म्हणजे ती राहिली होती. सहीखाली तारीख होती. शेऱ्याच्या रकान्यात तिने काही लिहिलं नव्हतं.

वैद्यबुवांनी तो रकाना दोनदा बघितला आणि मग टेबलाचे खण रिकामे करायला घेतले.