नऊ फूट आठ इंच

मित्रांनो, मी बास्केटबॉलची एक जुनी लोखंडी रिंग आहे, आणि कालपासून माझे डोके ठिकाणावर नाही.

चाळीस वर्षांपूर्वी मला या कॉलेजच्या हॉलमध्ये बसवले. खाली तेव्हा सिमेंटची जमीन होती आणि आमचा मुलांचा संघ म्हणजे हसण्याचा विषय. जो येई तो हरवून जाई. पुढे कॉलेजने सिमेंटवर लाकडी जमीन घातली आणि नशीबच पालटले. इथे आमच्या मुलांचा नेम चुकेना आणि पाहुण्यांचा लागेना. सलग अकरा वर्षे या हॉलमध्ये आम्हाला कोणी हरवले नाही. "रिंग पायगुणाची आहे," असे लोक म्हणत. मला पाय नाहीत, तरी मी फुगत असे.

बाहेर मात्र आमची शेळी व्हायची. एकदाच संघ परगावी अंतिम सामन्यापर्यंत पोचला. एका गुणाने मागे, वेळ संपलेली, आणि आमच्या कप्तानाला दोन फ्री थ्रो, म्हणजे एकेका गुणाचे बिनअडथळा नेम, मिळाले. दोन्ही चेंडू तिथल्या रिंगच्या पुढच्या कडेवर आपटले. परत आल्यावर प्रशिक्षकांनी माझ्याच खाली, सगळ्यांसमोर त्याला झापले. "काळीज उंदराचं, आणि म्हणे कप्तान!"

'उंदीर' हे नाव त्याला चिकटले ते चिकटलेच. पुढे तो इथेच क्रीडाशिक्षक झाला. मुलांना जीव तोडून शिकवतो, पण इतक्या वर्षांत स्वतः एकदाही चेंडू टाकला नाही. ते बघून मला फार वाईट वाटायचे.

काल माझे बोल्ट बदलायला सुतार आला. त्याने टेप लावली आणि खाली उभ्या असलेल्या त्या क्रीडाशिक्षकाला म्हणाला, "सर, नऊ फूट आठ इंच."

"दहा फूट असते. टेप नीट धरा, मिस्त्री."

तीनदा मोजले. तीनदा तेच.

"लाकूड घातलं तेव्हा जमीन चार इंच वर आली," सुतार म्हणाला. "दोन्ही रिंगा कुणी वर घेतल्याच नाहीत."

मित्रांनो, मी हबकले! अकरा वर्षांचे माझे कौतुक खोटे होते. मुलांचे हात माझ्या उंचीला सरावले होते, म्हणून बाहेर त्यांचे चेंडू तोकडे पडत आणि इथे पाहुण्यांचे लांब जात. त्या पोराचे काळीज उंदराचे नव्हतेच.

सरांनी जुन्या प्रशिक्षकांना फोन लावला आणि सगळे सांगितले. पलीकडून म्हातारा बोलला, "मोजायचं काम माझं होतं रे." आणि नंतर, "मी आयुष्यभर चारचौघांत तुझं नाव घेऊन हसलो." सर लहान मुलासारखे रडले.

सोमवारी मला चार इंच वर चढवणार आहेत. आता आमची मुले घरच्या हॉलमध्येही चुकतील, हरतील. मित्रांनो, तुम्ही बघायला याल तेव्हा एवढेच करा, त्यांना लगेच नावे ठेवू नका.