कातळवाडीचा टोप

मित्रांनो, माझ्या बुडाचं काजळ बघून नाक मुरडू नका. मी एक जुना तांब्याचा टोप आहे. मालवणकडच्या सड्यावर, म्हणजे उंच कातळी माळावर, कातळवाडी नावाची पंधरा-वीस घरांची वाडी आहे, तिचा मी. कोणा एकाचा नाही, सगळ्यांचा. अख्ख्या वाडीचा भात माझ्यात एका वेळी शिजतो आणि मला उचलायला कड्यांतून बांबू घालून दोन गडी लागतात.

फार पूर्वी वाडीत मोठं भांडंच नव्हतं. लग्न निघालं की शेजारच्या गावाकडे तोंड वेंगाडावं लागे. शेवटी जुन्या माणसांनी ठरवलं, प्रत्येक घराने एक तांब्याचं भांडं मोडीत द्यायचं. कोणी चेपलेली कळशी दिली, कोणी गळका बंब. हिंदूंच्या घरांतून आलं तसं ख्रिस्ती घरांतूनही आलं. तांबटाने सगळं एकत्र वितळवलं आणि ठोकून ठोकून मला घडवलं. बापरे, काय ते ठोके! आज माझ्यात कोणाच्या घरचं तांबं कुठे बसलंय, ते मलाही सांगता येणार नाही.

मग काय, माझा थाट विचारू नका. पूजा, बारसं, लग्न, ख्रिस्ती घरांचा क्रुसाकडचा सण म्हणजे फेस्त, सगळीकडे मी. भाडं कधी कोणी घेतलं नाही. नियम एकच होता. ज्याने नेला त्याने चिंच-राखेने घासून परत आणायचा, आणि रिकामा आणायचा नाही. मूठभर तांदूळ चालतील, नारळ चालेल, पण आत काहीतरी हवं. बांबूचं एक टोक बहुतेक वेळा ख्रिस्ती घरातल्या रॉकच्या खांद्यावर असे आणि दुसरं त्याच्या शेजारच्या काशीबाईच्या नवऱ्याच्या. दोघे वाटभर मला शिव्या घालत आणि मला ते आवडायचं.

पुढे केटररवाले आले, त्यांची चकचकीत पातेली आली. काशीबाईचा नवरा वारला आणि मी तिच्या पडवीत पडून राहिलो. कल्हई उडाली. तिची कोंबडी माझ्यात अंडी घालू लागली. खोटं कशाला बोलू, मला रडू येई.

अशात विमानतळाची बातमी आली. पलीकडच्या सड्यावर तो झाला तेव्हा वाडीने हौसेने विमानं बघितली होती. आता धावपट्टी वाढणार होती, आणि वाढणार होती ती आमच्याच अंगावरून. काशीबाईची काजूची बाग, तिची विहीर, रॉकचं भातशेत, सगळी घरं जाणार. नवी घरं जिथे जागा मिळेल तिथे, म्हणजे चार दिशांना. वाडीच्या तोंडावर मांडव उभा राहिला आणि धरणं सुरू झालं. पुढारी होते भाई, निवृत्त पोस्टमास्तर. धरण्यावर बसणाऱ्यांना जेवायला काय? तेव्हा कुठे माझी आठवण झाली! कुडाळहून कल्हईवाला शोधून आणला. रोज दुपारी माझ्यात उकड्या तांदळाची पेज रटरटू लागली आणि लोक म्हणू लागले, टोप आहे म्हणून आपण आहोत. मी फुगलो होतो, हे कबूल करतो.

आणि एक दिवस कळलं की रॉकने ओरोसच्या जिल्हा कचेरीत साहेबांपुढे जमीन द्यायला होकार दिला. बिचारा दमला होता. घर तर जाणारच, मग भांडून हाती काय उरणार, असं त्याला वाटलं. वाडीने त्याच्याशी बोलणं टाकलं. मांडवावरून जाताना तो मान खाली घालू लागला.

त्यातच त्याच्या मुलीचं, डेलिशाचं लग्न आलं. रॉक मांडवाशी येऊन उभा राहिला, आत पाऊल टाकेना. टोप हवा होता, नजर माझ्यावरच होती. भाईंनी ओळखलं आणि सरळ सांगितलं की टोप आंदोलनाचा आहे, आंदोलन मोडणाऱ्याला मिळणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी पेज खाऊन असं बोलतात, याचा मला संताप आला, पण टोपाला कोण विचारतं?

काशीबाई मला ढवळत होती. सगळ्यांत जास्त तिचं जाणार होतं. तिने पळी खाली ठेवली.

"भाई, रॉकच्या आज्येची कळशी ह्या टोपात आसा," ती म्हणाली. "ती आधी काढून दिया, मगे नाय म्हणा."

भाईंनी माझ्याकडे बघितलं, जणू कळशी दिसतेय का ते शोधत होते. मग ती रॉककडे वळली.

"घेवन जा रे. पण रिकामो हाडू नको."

लग्नाआधी रोस होता, म्हणजे नवरीला नारळाचा रस लावायचा विधी. काशीबाई एकटी गेली आणि तिने डेलिशाच्या डोक्याला रस लावला. दुसऱ्या दिवशी लग्नाला हळूहळू सगळी वाडी आली. भाई शेवटी आले, पण दोनदा भात मागून घेतला.

लग्न आटोपल्यावर रॉक आणि त्याची बायको लुईझा बांबूवर मला घेऊन आली. काशीबाईच्या पडवीत नव्हे, थेट मांडवात. आत खोबरं घातलेले उकडलेले चणे होते, मूठभर नव्हे, पायलीभर.

"काशीबाय, रिकामो हाडूक नाय," रॉक म्हणाला. "आणि उद्या तुमी ओरोसाक जातलास, तेवा मी पण तुमच्यावांगडा येतलंय. जमीन देवची नाय म्हणान सांगतलंय."

तो खाली बसला. भाईंनी सरकून त्याला जागा दिली.

मित्रांनो, ओरोसच्या कचेरीत अजून काहीच ठरलेलं नाही. मांडव उभा आहे, पेज शिजते आहे. मला वर्षातून एकदा कल्हई करा, घासून पुसून ठेवा आणि जो मागेल त्याला द्या, तो तुमच्याशी भांडलेला असला तरी द्या. आणि उद्या वाडी उठलीच, चार दिशांना गेलीच, तर मला कोणी न्यायचं ते मला खरंच सुचत नाही. फक्त वाटे करायला मला तोडू नका. कोणाची कळशी कोणती, ते आता कोणत्याच तांबटाला सांगता येणार नाही.