‘चेक’ची माझी व्याख्या

३ मार्च १९९४, सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. वाफेच्या मुख्य नळीच्या जोडावर बोल्ट चोवीस. ते आवळले होते आमच्या ज्येष्ठ फिटरने, ज्यांना सारा कारखाना मामा म्हणे. तपासून सही करायची होती पर्यवेक्षक या नात्याने मी.

कामाच्या सूचना इंग्रजीत येत. मामा म्हणत, "साहेब, ही इंग्रजी म्हणजे माझी सासू. बोलते भरभर, कळतं निम्मं, आणि चुकलं की बोल मलाच!" म्हणून मी वीस इंग्रजी क्रियापदांचा मराठी तक्ता करून भिंतीवर लावला होता. त्यात ‘चेक करणे’ याचा अर्थ असा दिला होता: नुसते पाहणे नव्हे. प्रत्येक बोल्टला घट्टपणा मोजणारा टॉर्क पाना लावावा, आकडा लिहावा, मगच पिवळी खूण करावी.

त्या सकाळी मी खुणा आधी केल्या. रंग वाळेपर्यंत पाना लावून होईल, असा हिशेब. सोळा बोल्ट झाले आणि मोठ्या साहेबांचे बोलावणे आले. परतलो तेव्हा सगळ्या खुणा पिवळ्याधमक दिसत होत्या. कुठवर आलो होतो ते मला पक्के आठवत होते. तरीही उरलेले आकडे अंदाजाने भरले आणि सही ठोकली.

शेजारचा बोल्ट आवळला की आधीचा किंचित सैलावतो. तपासणी असते ती त्यासाठीच. दुसऱ्या दिवशी जोडातून वाफ सुटली. इजा कुणाला झाली नाही, पण पाच बोल्ट सैल निघाले. कागदावर माझी सही होती, तेव्हा तपासणीनंतर मामांनीच हात लावला असणार, असे ठरवून व्यवस्थापनाने त्यांना त्याच दिवशी निलंबित केले. मी तोंडात मिठाची गुळणी धरली.

१४ तारखेला चौकशी झाली. चौकशीच्या बाईंनी विचारले, "मामा, बोल्ट तुम्ही ढिले केलेत?"

"नाही बाई."

"मग तपासणीत चूक झाली म्हणायची?"

मामा हसले. "साहेबांकडून? अहो, ऐका." आणि त्यांनी माझी व्याख्या अक्षर न गाळता म्हणून दाखवली. "हे ज्यांनी लिहिलं ते पाना न लावता खूण करतील? आवळतानाच माझं काही राहिलं असेल. लिहा तसं."

"तसं लिहिलं तर नोकरी जाईल, मामा."

"दोनच वर्षं उरलीत. पण साहेबांना यात ओढू नका."

माझीच वाक्ये ते माझ्या बचावासाठी वापरत होते आणि माझी मान वर होत नव्हती.

"बाई," मी म्हणालो, "सोळा बोल्टांच्या पुढे मी पाना लावलाच नाही. आकडे मनाचे आहेत."

"चेष्टा करताय, साहेब?" मामांनी विचारले.

"नाही."

माझ्याकडे न बघता मामा बाईंना म्हणाले, "तर मग माझं नाव खोडा."

त्यांचे निलंबन त्याच दुपारी उठले. एकूण दिवस अकरा.