न छापलेल्या कादंबरीला मागणी

प्रेमकथा लिहिणाऱ्या बायका खिडकीशी बसतात आणि बाहेर मोगरा वगैरे फुललेला असतो, असा लोकांचा समज आहे. आम्ही घाटकोपरला तिसरी ब च्या वर्गात बसायचो. शनिवारी दुपारी शाळा सुटली की मृणालिनीबाई वर्गाची किल्ली स्वतःकडेच ठेवायच्या आणि आम्ही तिघी आठ वर्षांच्या पोरांच्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसायचो. फळ्यावर 'वडीलधाऱ्यांचा मान राखावा' असला काहीतरी सुविचार असायचा आणि त्याखाली उभ्या राहून बाई मिठीचा प्रसंग वाचायच्या. मिठ्या लिहाव्यात त्यांनीच. एरवी त्या शाळेत सर्वांत कडक शिक्षिका म्हणून प्रसिद्ध होत्या.

आमचा नियम एकच होता, दुसरीच्या मिठीला हसायचं नाही. हसेल तिने पुढच्या शनिवारी आपली मिठी फळ्यासमोर उभं राहून वाचायची. मी बहुतेक शनिवारी उभीच असायचे.

मी नलिनी परब, मुलुंडची. आमच्या घरात गिरणीचा संप शिरला तो बाहेर पडलाच नाही. गिरणी गेली, आणि माझे यजमान गुणाजी घरी बसून माझी हस्तलिखितं वाचायला लागले. प्रत्येक हिरोबद्दल त्यांचा एकच प्रश्न असायचा, "ह्यो कामधंदो काय करता?" माझे हिरो काही करायचे नाहीत. त्यांना इस्टेट असायची, बंगला असायचा, आडनाव इनामदार नाहीतर जहागीरदार असायचं. मी स्वतः बंगला आतून एकदाच पाहिला होता, तोही मामेबहिणीच्या मालकिणीचा, आणि तोही स्वयंपाकघराच्या बाजूने.

तिसरी शकु कांबळे, राहणारी गोवंडीची. विक्रोळीच्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होती. दिवसभर बोर्डावर बसून तिला अख्ख्या कंपनीची प्रेमं आणि भांडणं ऐकू यायची. त्यामुळे आमची माणसं जिथे 'प्रिये' म्हणायची तिथे तिची माणसं 'जेवलीस का' म्हणायची. मला तिचा हेवा वाटायचा. बाईंनाही वाटायचा, पण त्या शिक्षिका असल्यामुळे त्याला कौतुक म्हणायच्या.

तिच्या कादंबरीचं नाव 'शेवटचा ट्रक'. हिरो अंबादास देवनारला कचऱ्याचे ट्रक मोजतो. रोज संध्याकाळी हेड ऑफिसला फोन करून किती आले ते सांगायचं, ही त्याची नोकरी. फोन उचलते ती रत्नप्रभा. आकडा सांगायला कितीसा वेळ लागणार? म्हणून एक दिवस तो परत फोन करतो आणि म्हणतो, मॅडम, एक ट्रक राहिला. मग रोजच एक ट्रक राहायला लागतो. वर्षअखेरीस साहेबलोकांच्या लक्षात येतं की देवनारला कधी आलेच नाहीत असे शेकडो ट्रक कागदावर आलेत. चौकशी बसते, आणि अंबादासला साहेबांसमोर सांगावं लागतं की हे ट्रक आले कुठून.

हे प्रकरण शकुने वाचलं तेव्हा बाईंनी डोळे पुसले, आणि पुसले ते हातातल्या डस्टरने. तोंडभर खडू झाला तरी मी हसले नाही, यावरून काय ते समजा.

आमचे प्रकाशक विद्याधर सामंत यांचं ऑफिस अंधेरीला एका पिठाच्या गिरणीवर होतं. हस्तलिखित महिनाभर तिथे राहिलं की झटकून घ्यावं लागायचं. सामंतांचं सगळं गिऱ्हाईक म्हणजे उपनगरांतल्या पुस्तकं भाड्याने देणाऱ्या लायब्रऱ्या, आणि तिथे त्यांची एकच लेखिका धावायची, 'मधुलिका'. मधुलिका नावाची बाई जगात नव्हती. मधुलिका म्हणजे मी, मृणालिनीबाई आणि अडीअडचणीला सामंतांचा मेहुणा. मेहुण्याची मधुलिका लगेच ओळखू यायची, कारण तिची नायिका सारखी जेवायची. आम्हाला त्यात काही गैर वाटत नव्हतं. छापून येतंय ना, मग झालं, असं आम्ही एकमेकींना सांगायचो आणि लायब्ररीत आपलंच पुस्तक दुसऱ्याच्या नावाने हातात घेऊन उगाच चाळायचो.

शकुचं हस्तलिखित आम्हीच सामंतांकडे नेलं होतं. उत्तर ऐकायला तिघी गेलो. सामंत खुशीत होते. संवाद झकास आहेत म्हणाले. फक्त दोन गोष्टी करायच्या, म्हणाले. नाव मधुलिका लावायचं आणि अंबादासला कचऱ्यातून काढून चहाच्या मळ्यावर न्यायचं. ट्रक हवे तर राहू देत, त्यांत चहा भरा.

शकु म्हणाली की मळा राहू द्या बाजूला, आधी नावाचं बोलू. माझं नाव का नको?

"लायब्ररीत नाव गोड लागतं, कांबळेबाई."

"कांबळे चालणार नाही, असं म्हणा ना सरळ."

"मी तसं म्हटलं का?" सामंतांनी आमच्याकडे बघितलं. आम्ही पिठाकडे बघत होतो.

"हे बघा साहेब," शकु म्हणाली, "दिवसभर मी कंपनीच्या नावाने हॅलो म्हणते. तिथे मला नाव नाही. घरी मी कुणाची ताई, कुणाची वहिनी. एका जागी तरी माझं नाव लागू दे. नाहीतर लिहू कशाला? झोपेन की दुपारची."

सामंतांनी हस्तलिखित परत दिलं. आम्ही जिना उतरलो. खाली गिरणीवाल्याने विचारलं, ज्वारी की गहू, तेव्हा तिचा बांध फुटला आणि ती रस्त्यात रडली. मला इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही.

कल्पना बाईंची. लायब्ररीवाला काय मागवतो? लोक जे मागतात ते. प्रकाशक काय छापतो? लायब्ररीवाला जे मागवतो ते. मग आपणच मागायचं. शकुला सांगायचं नाही, ती करू देणार नाही. मे महिन्याची सुट्टी लागली तशा बाई बोरिवलीला बहिणीकडे राहायला गेल्या आणि बोरिवली ते अंधेरी त्यांनी घेतलं. मुलुंड, भांडुप, घाटकोपर माझ्याकडे आलं. लायब्ररीत जायचं, पुस्तकं चाळायची, आणि सहज विचारायचं, 'शेवटचा ट्रक' आलंय का हो, शकुंतला कांबळेंचं?

पहिल्याच दिवशी कळलं की लायब्ररीवाल्याइतकं खोटं हिरोईनची सावत्र आईसुद्धा बोलत नाही. पुस्तक छापलेलंच नाही, आणि मुलुंडचा एकजण मला म्हणाला, आहे ना, पण सध्या बाहेर गेलंय. भांडुपच्याने सांगितलं, दोन प्रती होत्या, एक हरवली. घाटकोपरचा तर म्हणाला की वाचलंय मी, शेवट जरा पाडलाय. बोरिवलीला एका बाईने मृणालिनीबाईंना हात धरून सांगितलं की ते पुस्तक वाचताना ती दोन रात्री रडली. बाईंनी तिला कुठल्या प्रसंगाला रडलात म्हणून विचारलं. ती म्हणाली, सगळ्याच.

अडचण एकच होती. मागवून घ्या म्हटलं की हेच सगळे विचारायचे, रहस्यकथा का? मग गोष्ट सांगावी लागायची. कचरा म्हटलं की लायब्ररीवाल्याचा चेहरा पडायचा. तेव्हा बाईंनी बोरिवलीत ट्रकमध्ये चहा भरला, आणि मी मुलुंडात अंबादासचं आडनाव इनामदार केलं. मागणी अशी वाढली की विचारू नका.

जूनच्या तोंडावर सामंतांनी तिघींना बोलावून घेतलं. टेबलावर पीठ नव्हतं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत ऑर्डरी आल्या होत्या. ते म्हणाले की कांबळेबाई, तुमच्या नावाने मागतायत, तेव्हा नाव तुमचंच लावू, माझी हार झाली. शकुचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, झालं आपलं काम, आता घरी जाऊन बांगडे तळू.

"फक्त त्यांना इनामदारांची गोष्ट हवीय," सामंत म्हणाले. "चहाच्या मळ्याची. मी तेव्हाच सांगत होतो."

शकुने आधी सामंतांकडे बघितलं, मग आमच्याकडे. आमची तोंडं बघून तिला सगळं कळलं. ऑपरेटरच ती, कोणाच्या लाइनवर काय चाललंय ते तिला न सांगता कळायचं.

"तुम्ही दोघी इनामदार सांगत फिरलात?"

बाईंनी समजावायचा प्रयत्न केला. अगं, तुझ्यासाठीच ना, नाहीतर मागितलं कसं असतं.

"म्हणजे माझं पुस्तक तुम्हालासुद्धा मागता आलं नाही," शकु म्हणाली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने हस्तलिखित पिशवीत घातलं आणि पिशवीचे बंद हळूहळू बांधायला लागली. मी आयुष्यात इनामदारांवर इतकं लिहिलं, पण त्या क्षणी त्या सगळ्या इनामदारांना उचलून खालच्या गिरणीत दळून टाकावंसं वाटलं. चिडले मी, आणि जिच्यावर चिडायला हवं होतं ती मीच होते. पण स्वतःवर चिडून काय होणार, म्हणून सामंतांवर चिडले.

"साहेब," मी म्हटलं, "मधुलिका आजपासून संपावर."

सामंतांना कळेना. मग कळलं. पावसाळ्यात बायका घरात अडकतात आणि तेव्हाच मधुलिका खपते. त्या पावसाळ्यासाठी बाईंची एक मधुलिका आणि माझी एक अशा दोन अर्ध्या छापखान्यात होत्या, आणि दोन्हींची शेवटची प्रकरणं अजून आमच्या घरी. माझ्या नायिकेला तर मी कड्याच्या टोकावर उभी करून आले होते. ती आता तिथेच उभी राहील, असं मी सांगितलं. संप कसा करतात ते आमच्या घरात सर्वांना पाठ आहे, आणि हरायचीही सवय आहे, त्यामुळे घाबरत नाही, हेही सांगितलं.

सामंत म्हणाले की तुमच्या आतापर्यंतच्या कामाचं काय, पुढे कोण छापणार तुम्हाला? खरं होतं. उपनगरांत आम्हाला छापणारा दुसरा कोणी नव्हता. मी मृणालिनीबाईंकडे बघितलं. त्यांचं लग्न झालं नव्हतं, आईवडील गेले होते, आणि मधुलिकेशिवाय त्यांना शनिवारसुद्धा नव्हता.

बाई उभ्या राहिल्या. तिसरी ब ला जिचा धाक वाटायचा ती हीच उभं राहायची पद्धत.

"अंबादास कचऱ्याचेच ट्रक मोजेल," त्या म्हणाल्या. "एक शब्द बदलायचा नाही. नाहीतर तुमच्या मेहुण्याला सांगा लिहायला. कड्यावर तो तिला जेवायला वाढेल."

सामंतांनी कपाळ पुसलं. शेवटी ते म्हणाले, छापतो, जसंच्या तसं. पण मुखपृष्ठ मी ठरवणार, तिथे तरी मला जगू द्या.

शकु जिन्यात थांबली आणि म्हणाली की तुम्हा दोघींना मी अजून माफ केलेलं नाही. मग तिने आम्हाला खाली वडापाव खायला घातला. मला वाटतं ते तसंच होतं, दोन्ही एकदम.

पुस्तकं आली तेव्हा आम्ही तिघी गोवंडीला शकुच्या घरी होतो. गठ्ठ्याची सुतळी मीच दातांनी तोडली. वर 'शकुंतला कांबळे' असं भलंमोठं, लाल अक्षरात. आणि खाली चित्रकाराने, सवयीचा माणूस, दरवेळचंच चित्र काढलं होतं. हिरवळ, कारंजं, पांढरा दुमजली बंगला आणि दारात सूट घालून पाइप ओढणारा एक गुळगुळीत पुरुष. ट्रकचा पत्ता नाही. बाई मटकन खाली बसल्या. मी सामंतांच्या नावाने मालवणीत जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेवढ्यात तिची आई सोनूबाई हात पुसत आली. बीडकडून आलेली म्हातारी, अक्षरओळख नाही. तिने पुस्तक उजेडात धरलं आणि चित्र नीट निरखलं.

"एवढा मोठा बंगला कुनाचा गं?"

शकुने आईचं बोट धरलं आणि बंगल्याच्या वर, लाल अक्षरांवरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं.

"आपला. हे बघ, नाव लिवलंय."

सोनूबाईला ते पटलं. तिने पुन्हा खाली बघितलं.

"आन् दारातला ह्यो सुटाबुटातला?"

"त्यो व्हय," शकु म्हणाली, "त्यो भाडेकरू."