तिवईबाईंच्या मागे

मी एक जुनी तिवई आहे. माझी बैठक बोकडाच्या कातड्याची आणि पाय एका मोडक्या झुलत्या खुर्चीचे. समुद्रकाठच्या सिएनफुएगोस गावात झुलत्या खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या एव्हेलिओंनी मला घडवलं. मित्रांनो, ज्या लाकडाचा जन्म झुलण्यासाठी, त्याच्या वाट्याला नुसतं उभं राहणं आलं.

आमच्या गावात रांग पायांनी लावत नाहीत, तोंडाने लावतात. येणारा विचारतो, "शेवटचं कोण?" कुणीतरी म्हणतं, "मी." आपल्या पुढे कोण एवढं ध्यानात ठेवायचं, मग सावलीत बसा नाहीतर कॉफी पिऊन या. पण त्यात एक मेख आहे. आपल्या मागे कुणी येऊन विचारेपर्यंत आणि आपण "मी" म्हणेपर्यंत तिथून हलता येत नाही.

एव्हेलिओंच्या धाकट्या लेकीला, ओदाल्मिसला, तेवढंही थांबवत नसे. कुणाचा कोपर लागला, कर्णा वाजला, की ती कान दाबून जमिनीवर बसे आणि तिला घरीच न्यावं लागे. बागेतला आकाशपाळणा मात्र तिच्या जिवाचा. वर गेलं की सगळे गप्प होतात, असं ती म्हणे. बागेत अपंगांची वेगळी रांग होती, पण कुबडी किंवा चाकांची खुर्ची दिसल्याशिवाय तिथे घेत नसत. "पोरीचे पाय तर धड आहेत," असं लोक एव्हेलिओंना ऐकवत. आई नव्हती, थोरली बहीण हवानाला. लेकीला एकटं कुठे सोडणार? म्हणून त्यांनी मला बनवलं. मी रांगेत उभी राहायचे आणि ती दोघं समुद्राच्या कठड्यावर जाऊन बसायची.

पहिल्याच रविवारी मी नंबर घालवला. एक माणूस आला, "शेवटचं कोण?" म्हणाला. मला तोंड कुठे आहे? कुणी बोललं नाही, तेव्हा तो माझ्या पुढे जाऊन उभा राहिला. मग त्याच्या मागे दुसरा, तिसरा. बापलेक परतली, तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि मी तिथेच होते.

त्यानंतर एव्हेलिओ माझ्या पुढच्या माणसाला सांगून जाऊ लागले. पुढच्या खेपेला केळ्याची भजी विकणाऱ्या सेनायदाबाई नातीला घेऊन आल्या. शेवटचं कोण विचारल्यावर त्या माणसाने माझ्याकडे बोट केलं. "या बाई. बोलत नाहीत, पण भांडतही नाहीत."

"म्हणजे माझ्याहून बऱ्या," सेनायदाबाई म्हणाल्या. तेव्हापासून मी तिवईबाई झाले. रांग पुढे सरकली की कुणीतरी मला पायाने हळूच पुढे ढकलायचं. माझं कौतुक होत असे. पण मित्रांनो, मी ओदाल्मिससाठी थांबत असे, म्हणूनच तिच्याबरोबर कधी नसे. तो कठडा मी एकदाही पाहिला नाही.

मग पाळणा बंद होणार असं कळलं. शेवटच्या रविवारी फाटकावर नवा माणूस होता. रांग माणसांची असते, लाकडांची नाही, म्हणत त्याने मला कुंपणाकडे भिरकावलं आणि सेनायदाबाईंना पुढे बोलावलं. त्या हलल्या नाहीत.

"मी कशी जाऊ? मी तिवईच्या मागे आहे."

"तिवई गेली, बाई."

"मग तिच्या मागची मीही गेले. माझ्या मागचा हा टोपीवाला, तोही गेला. फिरव तुझा पाळणा रिकामा."

त्याने टोपीवाल्याकडे पाहिलं. टोपीवाला म्हणाला, आपण सेनायदाबाईंच्या मागे. त्याच्या मागच्यानेही तसंच सांगितलं. शेवटी टोपीवाल्यानेच मला आणून फाटकाशी ठेवलं. हाक मारली असती तर पोर घाबरली असती, म्हणून सेनायदाबाई स्वतः कठड्यापर्यंत चालत गेल्या. ओदाल्मिस वर गेली. मी खालून पाहत होते.

पाळणा पुन्हा सुरू झालाच नाही. मग मी पावाच्या आणि औषधाच्या रांगांत उभी राहिले. माझं कातडं फाटलं, एव्हेलिओंचे हात थरथरू लागले, आणि आम्हां दोघांचं बाहेर जाणं थांबलं.

गेल्या हिवाळ्यात एव्हेलिओ वारले. घर माणसांनी भरलं, तेव्हा ओदाल्मिस कठड्यावर जाऊन बसली. सगळे गेल्यावर ती परतली आणि तिने मला ओसरीवर, त्यांच्या झुलत्या खुर्चीशेजारी ठेवलं. हवानाहून आलेल्या थोरलीने केर काढताना मला उचलून आत नेलं. ओदाल्मिसने मला परत आणलं.

"पापा कठड्यावर गेलेत," ती म्हणाली. "त्यांची जागा आहे."

थोरली झाडू हातात धरून उभी राहिली. मग तिने माझ्या भोवतीने झाडलं.

मित्रांनो, कधी एखाद्या रांगेत रिकामी तिवई दिसली, एखादी पिशवी किंवा टोपी दिसली, तर ती सरकवू नका. तिच्या माणसाला तिथे उभं राहवत नसेल, म्हणून तो लांब गेला असेल. आणि कुणी "शेवटचं कोण?" विचारलं, तर तिच्या वतीने तुम्ही उत्तर द्या.

इथे ओसरीवर मला कुणी काही विचारत नाही. संध्याकाळी समुद्राकडून वारा येतो, शेजारची खुर्ची थोडीशी झुलते, आणि मी जागा धरून उभी असते.