हटवा म्हणा, बाबा

कप्तानाच्या घरात रविवारी दोन पिशव्या भरल्या जात. एकीत तिचे बूट आणि पायांचे पॅड, दुसरीत सासऱ्यांचा पत्र्याचा डबा आणि तो बडवायची लाकडी मोगरी. दोन्ही पिशव्या सासूबाईच भरत. मग सून आणि सासरे एकाच स्कूटरवरून मैदानावर जात. फाटकाशी उतरले की सून गोल करायला आत जाई आणि सासरे तिच्या कोचला काढून टाकायची मागणी करायला स्टँडमध्ये चढत.

"नीट खेळ गं," सासरे म्हणत.

"तुम्हीही घसा सांभाळा, बाबा," ती म्हणे.

महिला हॉकी संघ घरच्या मैदानावर हंगामभर हरत होता. बाहेरच्या मैदानांवर तो जिंकायचा, पण ते बघायला कोणी जात नसल्यामुळे ते जिंकणं धरलं जात नव्हतं. हरण्याचं कारण मात्र तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं : पेनल्टी कॉर्नर. त्यात एकीने गोलरेषेवरून चेंडू ढकलायचा, दुसरीने वर्तुळाच्या टोकाशी तो अडवायचा आणि कप्तानाने तो गोलात मारायचा. तिघींनी एका दमात करायचं हे काम तिघी आपापल्या सवडीने करत होत्या. त्यामुळे कॉर्नर मिळाला रे मिळाला की स्टँड उभा राही :

"हटवा! हटवा! कोच... हटवा!"

घोषणा सासऱ्यांनी रचली होती आणि ताल त्यांच्या डब्याचा होता. उभी हयात त्यांनी डब्यांच्या कारखान्यात पत्रा कापणाऱ्या प्रेसवर काढली होती. तिथे ताल चुकला की बोट जातं. सासऱ्यांची दहाच्या दहा शाबूत होती आणि लग्नाच्या बोलणीत मुलाच्या पगाराआधी त्यांनी ती दाखवली होती. असा माणूस डबा वाजवू लागला की बाकीच्यांना बेताल ओरडणं जमत नसे.

क्लबच्या अध्यक्षांचं फर्निचरचं दुकान होतं. या आठवड्यात त्यांनी फलकावर नोटीस लावली : 'क्लबचा कोचवर पूर्ण विश्वास आहे.' ज्यांनी त्यांच्याकडून सोफा घेतला होता त्यांना अशा विश्वासाची मुदत माहीत होती. रविवारी हरलो की संध्याकाळच्या बैठकीत कोचला नारळ मिळणार, हे मैदानाच्या माळ्यालाही कळलं होतं.

कप्तानाला हे सहन होत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा क्लबने तिला निरोपाचा गुच्छ दिला होता. कोचने तो गुच्छ काढून घेतला, खिडकीत ठेवला आणि तिच्या हातात स्टिक दिली. तेव्हा तो एवढंच म्हणाला होता, "फुलं नंतर बघू."

सरावाआधी ड्रेसिंगरूममध्ये खल झाला.

"पत्रक काढू या," गोलकीपर म्हणाली. तिच्या आकारामुळे तिला सगळ्या कपाट म्हणत आणि त्याचा तिला अभिमान होता. "आम्ही कोचच्या पाठीशी आहोत, असं लिहू."

"पाठीशीच आहोत आपण. म्हणून तर त्यांना सगळं पुढून बसतंय," खारूताई म्हणाली. गोलरेषेवरून चेंडू ढकलणारी ती हीच.

"पत्रक राहू दे. गोल करू," कप्तान म्हणाली. "तू चेंडू दर वेळी उशिरा का सोडतेस, ते सांग आधी."

"उशिरा? अगं, तू स्टिकने दोनदा टक-टक करणार, तिसऱ्याला मी सोडणार, असं ठरलंय ना आपलं? इथे ती टकटक ऐकू कुठे येते! माझी मान खाली, डोळे चेंडूवर, आणि कानात तुझे सासरे."

हाताने खूण केली तर समोरच्या पोरीही ती बघतात, म्हणून कोचने इशारा कानाचा ठेवला होता. बाहेरच्या मैदानावर तो नीट ऐकू येई, कारण तिथे या पोरींच्या कोचच्या नोकरीशी कोणाला देणंघेणं नव्हतं.

"म्हणजे कोचला काढा ओरडतात म्हणून कॉर्नर फसतो, आणि कॉर्नर फसतो म्हणून कोचला काढा ओरडतात," कपाट म्हणाली. "वा! सांगायचं कुणाला?"

सांगून झालं होतं. मागच्या सामन्यात लाउडस्पीकरवरून शांतता राखायची विनंती केली, तेव्हा प्रेक्षकांनी लाउडस्पीकरही हटवायची मागणी केली होती.

त्या रात्री जेवताना सासरे चमच्याने ताटाच्या कडेवर रविवारची तालीम करत होते. कप्तानाचा घास हातातच राहिला.

"बाबा, परत एकदा म्हणा."

सासरे सुखावले. इतक्या वर्षांत सुनेने त्यांच्या कलेची पहिल्यांदाच दखल घेतली होती. "पटलं ना शेवटी?"

"'कोच' म्हटल्यावर तुम्ही थांबता."

"दम घेतो. आणि प्रेसवरही तिथेच थांबायचं असतं, पत्रा सरकवायला. घाई केली की गेलं बोट."

"दर वेळी तेवढंच थांबता?"

सासऱ्यांनी उत्तरादाखल दहाही बोटं तिच्यापुढे धरली.

"तिच्याच कोचला तिच्याच ताटाशी शिव्या!" सासूबाई कडाडल्या. "जनाची नाही तर मनाची तरी ठेवा." कप्तानाचा नवरा दोन्ही पक्षांचा जवळचा नातेवाईक असल्यामुळे जेवताना फक्त जेवत असे. कप्तानाने फोन काढून सासऱ्यांची घोषणा रेकॉर्ड करून घेतली.

दुसऱ्या दिवशी मैदानावर स्पीकर लावला. 'हटवा, हटवा'ला सगळ्यांनी जागा घ्यायची. 'कोच'ला खारूताईने चेंडू सोडायचा. सासरे दम घेतात तेवढ्यात तो वर्तुळाच्या टोकाशी येऊन अडवला जाई. शेवटच्या 'हटवा'ला कप्तानाने मारायचा. पहिले काही चेंडू कुठेही गेले. मग एक गोलात गेला, मग त्याच्या मागोमाग दुसरा, आणि मग कपाट म्हणाली, "आता मला जरा भीती वाटायला लागली हं."

तेवढ्यात कोच आला. आपला संघ आपल्याला हटवायच्या घोषणेवर घाम गाळतोय, हे त्याने कमरेवर हात ठेवून पाहिलं. कोणी स्पीकर बंद करायला धावलं नाही. कप्तानाने थोडक्यात सगळं सांगितलं. कोचने आणखी दोन कॉर्नर पाहिले.

"आवाज वाढवा," तो म्हणाला. "रविवारी एवढा कमी नसतो."

रविवारी स्कूटर अर्ध्या रस्त्यात असताना कप्तानाच्या लक्षात आलं, की मागे बसलेल्या सासऱ्यांचा गुडघा तिला लागतोय. एरवी मध्ये डबा असे.

"बाबा, डबा?"

"घरी ठेवला. तुझी सासू चार दिवस माझ्याशी बोललेली नाही. आणि तू ते रेकॉर्ड केलंस ना, ते लागलं मला. सुनेने सासऱ्याविरुद्ध पुरावा ठेवावा, एवढा मी वाईट वागलो?"

कप्तानाने भर रस्त्यात स्कूटर वळवली.

"अगं, कुठे?"

"डबा आणायला. तुमचं मत तुम्ही मांडलंच पाहिजे, बाबा."

"तुला माझा राग नाही?"

"डबा विसरलात याचा आहे."

पहिला कॉर्नर लवकर मिळाला. स्टँड उभा राहिला. हटवा, हटवा, कोच... आणि शेवटच्या 'हटवा'ला चेंडू गोलात, मागच्या फळीवर धाडकन आपटला. समोरच्या पोरी अडवायला गोलरेषेवरून अजून निघायच्या होत्या. स्टँड असा उसळला, की मागणी करायचं साफ विसरला.

कप्तानाने हे धरलंच नव्हतं. सुखी माणूस कुणाला हटवत नाही. समोरच्या संघाने बरोबरी केली तेव्हाही लोक चिडले नाहीत. शिट्ट्या मारल्या, "चला, चला" म्हणाले. शेवटच्या काही मिनिटांत दुसरा कॉर्नर मिळाला तेव्हा तर जो तो आपल्या सुरात "मार! मार!" ओरडत होता. त्या गदारोळात टकटक ऐकू येणार नव्हती आणि ताल धरायला काही नव्हतं. खारूताईने गोलरेषेवरून मान वर करून कप्तानाकडे पाहिलं. सासरे मोगरी मांडीवर ठेवून, डोळे मिटून बसले होते.

कप्तान कुंपणापर्यंत धावत गेली.

"बाबा! गप्प का बसलात? हटवा म्हणा!"

सासऱ्यांनी डोळे उघडले. "कुणाला?"

"कोचला! हटवा त्याला! सगळ्यांना म्हणायला लावा!"

सगळा स्टँड आ वासून बघत होता. पुढच्या रांगेत अध्यक्षांनी चष्मा पुसला. बाकावरचा कोच उठला, स्टँडकडे वळला आणि दोन्ही हात वर करून त्याने लोकांना खुणावलं : हं, होऊ द्या. सासऱ्यांना काही कळलं नाही. पण सून सांगते आणि खुद्द आरोपीची हरकत नाही म्हटल्यावर त्यांनी मोगरी उचलली.

हटवा! हटवा! कोच...

चेंडू निघाला, आला, अडला.

हटवा!

संध्याकाळच्या बैठकीत अध्यक्षांनी खेदाने सांगितलं, की आपण जिंकलो हे खरं, पण कोचला हटवायची मागणी खुद्द कप्तानाने भर मैदानात केली आणि खुद्द कोचने तिला अनुमोदन दिलं, तेव्हा क्लबपुढे दुसरा मार्ग उरत नाही. ठराव टाइप करायला द्यायचा एवढंच बाकी होतं.

तेवढ्यात दार उघडून सासरे डब्यासकट आत आले. मागे कप्तान होती. स्कूटर लावताना तिने त्यांना सगळा उलगडा केला होता.

"त्याला काढायचं नाही," सासरे म्हणाले.

"अहो, हंगामभर तुम्हीच मागणी करताय!"

"करतोच आहे. पुढेही करणार. माझं मत बदललेलं नाही. पण त्याला काढलात तर रविवारी मी म्हणू काय? नवा माणूस आल्या आल्या त्याला हटवा कुठल्या तोंडाने म्हणू? माझ्या डब्यावर दोन गोल झालेत, अध्यक्ष. प्रेस चालू असताना कुणी पत्रा बदलतं?"

अध्यक्षांना प्रेसमधलं काही कळत नव्हतं. पण स्टँडमधली तिकिटं कोण खपवतं, हे त्यांना पक्कं कळत होतं. ठराव राहिला.

आता सामन्याला कोच मुद्दाम पाच मिनिटं उशिरा येतो. तोवर सगळा स्टँड फाटकाकडे डोळे लावून बसतो, आणि तो आपल्या बाकावर नीट टेकल्याशिवाय सासरे डब्याला हात लावत नाहीत.