पापणीवरचं अंडं

"तुम्ही खोटं लिहिलंत. अहवालाच्या चौथ्या पानावर 'कर्मचाऱ्याचा हलगर्जीपणा' असे दोन शब्द टाकलेत, खाली सही ठोकलीत आणि मोकळे झालात. यंत्र उघडून पाहिलं नाहीत. मी पाहिलं आहे. ते दोन शब्द कधी खोडताय?"

एवढंच लिहून तिने कागद मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि आपल्या जागेवर येऊन बसली. कंपनीत तिला सगळे 'शंका' म्हणत. बैठक संपत आली, लोक खुर्च्या मागे सरकवायला लागले, की नेमका हिचा हात वर जायचा. "एक शंका आहे." कंपनी अंडी उबवायच्या यंत्रांचं तापमान राखणारे कंट्रोलर बनवायची. यंत्राच्या दारावर बसणारा पत्र्याचा डबा, पुढे लाल आकडे, आत चिप. त्या चिपमध्ये चालणारा प्रोग्राम शंकाने लिहिलेला होता. सहा वर्षांपूर्वी, एकटीने, आणि त्याचा तिला भारी अभिमान होता.

अहवालातला तो हलगर्जी कर्मचारी म्हणजे तिची सख्खी आत्या.

आत्या बावीस वर्षं उबवणी केंद्रात होती. तिची रीत ठरलेली. ट्रेमधून एक अंडं उचलायचं, डोळा मिटायचा आणि अंडं पापणीला टेकवायचं. अर्ध्या अंशाचा फरक तिला कळायचा. कामावर नवी आलेली प्रत्येक बाई हे तिच्याकडूनच शिकली. "हाताला नाही कळत गं, हात निर्ढावलेले असतात. पापणीपासून काही लपत नाही."

त्या मंगळवारी दुपारी आत्याचा फोन आला होता.

"अगं, तुझा आकडा हलत नाहीये. सकाळपासून साडेसदतीसवर बसलाय. एरवी कसा जरा वर, जरा खाली करतो."

"कोपऱ्यातला हिरवा ठिपका लुकलुकतोय का?"

"लुकलुकतोय की."

"मग यंत्र जिवंत आहे. आकडा स्थिर आहे म्हणजे चांगलंच आहे."

"पापणीला गरम लागतंय पण."

शंका हसली होती. "आत्या, तुझी पापणी खरी का माझा सेन्सर?"

पलीकडे आत्याही हसली. "तुझा सेन्सर, बाई. तू शिकलेली."

संध्याकाळी पाळी बदलताना दार उघडलं, तर आतून भट्टीसारखी वाफ आली. चार हजार दोनशे अंडी. अठराव्या दिवसाची, म्हणजे आत पिसं आलेली, चोची आलेली. एकही वाचलं नाही. आत्याला दुसऱ्या दिवसापासून घरी बसवलं. चौकशीला शंकाच्या कंपनीचे मोठे साहेब आणि केंद्राचे व्यवस्थापक असे दोघं बसले. त्यांनी विचारलं, "आकडा अडकलाय हे तुम्ही कुणाला का कळवलं नाही?" आत्या म्हणाली, "माझं लक्ष नव्हतं." फोनबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही.

अहवाल हातात पडला तसं शंकाने थेट आत्याचं घर गाठलं. आत्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"खोटं का बोललीस?"

"तुझं नाव आलं असतं."

"यायलाच पाहिजे होतं."

"माझी नोकरीची चार वर्षं राहिलीत, तुझी तीस. हिशेब कर की. का तेवढाच येत नाही तुला?"

"केंद्रातल्या बायका काय म्हणतात?"

आत्याची बोटं थांबली. "म्हणतात, म्हातारीला डुलकी लागली असेल." मग एक शेंग उगाच दोनदा चोळली. "नोकरीचं सोड. एवढं मात्र लागलं बघ."

त्या वाक्यावर शंका उठली. त्यानंतर तिने आत्याला काहीच विचारलं नाही.

त्या यंत्रावरचा डबा कंपनीच्या गोदामात येऊन पडला होता. सर्किटचं काम बघणाऱ्या तारवाल्याला घेऊन तिने तो उघडला. सेन्सरची तार जिथे डब्यात शिरते तो जोड ओलाव्याने हिरवा पडला होता. तारवाल्याने नखाने खरवडून दाखवलं.

"ही घे तुझ्या आत्याची हलगर्जी. बोटाला लागते बघ."

"तार मेली हे खरं. पण तार मेल्यावर माझ्या प्रोग्रामने काय केलं?"

तिने स्वतःचाच प्रोग्राम उघडला आणि ती ओळ सापडायला तिला पाच मिनिटंही लागली नाहीत. प्रोग्राम सेन्सरला सांगायचा, तापमान मोज. मग विचारायचा, मोजलंस का? नाही? मोजलंस का? नाही? मोजलंस का? उत्तर येईपर्यंत विचारत राहायचं, असं तिनेच लिहिलं होतं. सेन्सर उत्तर देतोच, असं तेव्हा तिला वाटलं होतं. देणार नाही, ही शंका दुनियेभरच्या शंका काढणाऱ्या बाईला आली नव्हती. तार मेली आणि प्रोग्राम बंद घराची बेल दाबत उभा राहिला. मागे त्याचंच घर पेटलं होतं, पण मान वळवायला त्याला सवड नव्हती. हीटर त्या क्षणी चालू होता, तो चालूच राहिला. भोंगा वाजवायचा की नाही हे ठरवणारी ओळ खाली होती. तिथपर्यंत तो पोचलाच नाही.

"पण अहवालात काय लिहिलंय वाचलंस ना?" तारवाला म्हणाला. "प्रोग्राम अडकला असता तर त्याची हजेरी चुकली असती आणि चिपमधल्या राखणदाराने तो आपोआप पुन्हा सुरू केला असता. केला नाही, म्हणजे अडकलाच नव्हता."

"राखणदाराला हजेरी कोण देतं?"

तारवाल्याने पडद्यावर बोट फिरवत ती ओळ शोधली. हजेरी द्यायचं वेगळं घड्याळ, त्याच चिपमधलं. मुख्य काम मरून पडलं तरी घड्याळ आपलं दर सेकंदाला राखणदाराला सांगत होतं, सगळे हजर आहेत. तोच घड्याळाचा ठोका हिरवा ठिपका लुकलुकवत होता.

"कॉलेजात मी दोस्तांची हजेरी अशीच लावायचो," तारवाला म्हणाला.

"तुझ्या दोस्तांनी चार हजार अंडी नव्हती शिजवली."

दोन दिवसांत तिने प्रोग्राम दुरुस्त केला. सेन्सरला फक्त वीस वेळा विचारायचं, विचारताना मोजायचं. विसाव्यांदाही उत्तर नाही आलं तर थांबायचं. जुना आकडा दाखवायचा नाही, आकड्याच्या जागी रेघा. हीटर बंद, भोंगा चालू. आणि राखणदाराला हजेरी द्यायची ती मुख्य कामानेच, स्वतःची पूर्ण फेरी झाल्यावर. प्रत्येक ओळ तिने तार उपटून, तार ओली करून, तार अर्धवट खोचून तपासली. मग तिने ते पत्र लिहिलं.

चौथ्या दिवशी मोठ्या साहेबांनी बोलावलं. ती दोन डबे काखेत मारून गेली. टेबलावर त्यांचा चहा नुकताच आलेला.

"बसा. हे पत्र म्हणजे जरा अतीच झालं, नाही का?"

तिने जुन्या प्रोग्रामचा डबा लावला. आकडा आला, सव्वीस. तार उपटली. मग सेन्सरची कांडी सरळ साहेबांच्या चहात बुडवली.

"अहो, काय करताय हे?"

"चहा सव्वीस अंशांवर आहे, साहेब. गार आहे. पिऊन टाका एका घोटात."

साहेबांनी कपाला बोट लावलं आणि मागे घेतलं.

"ठिपका लुकलुकतोय, बघा. यंत्र जिवंत आहे. माझ्या आत्यालाही मी हेच सांगितलं होतं. तिने मला फोन केला होता त्या दुपारी. पापणीला गरम लागतंय म्हणाली. मी तिची चेष्टा केली." तिने फोनमधली त्या दिवशीची नोंद उघडून समोर धरली. "लक्ष नव्हतं ते माझं."

मग नव्या प्रोग्रामचा डबा लावला आणि त्याची तार उपटली. आकड्यांच्या रेघा झाल्या आणि भोंगा असा वाजला की बाहेरचा शिपाई डोकावून गेला.

साहेबांनी कानावर हात ठेवले. "बंद करा ते. असं सारखं वाजायला लागलं तर गिऱ्हाईक माल परत पाठवेल."

"वाजायलाच हवं. गार पडलेली अंडी तासभर तग धरतात. शिजलेली नाही धरत."

"अकराशे डबे बाहेर आहेत आपले. सगळे उघडायचे? सहा वर्षांत एकदा झालं हे."

"एकदा कळलं. बाकीच्या वेळी कुणाच्या आत्यावर खापर फुटलं ते तुम्हाला माहीत आहे का?"

साहेब चष्मा पुसत राहिले. मग आवाज मऊ करून म्हणाले, "हे बघा, प्रोग्राम तुमचा आहे. अहवाल बदलला तर त्यात तुमचंच नाव येणार. विचार करा."

"केलाय. दुरुस्तीच्या पत्रात पहिलं नाव माझंच घातलंय." तिने पाकीट टेबलावर ठेवलं. "आत अकराशे पत्ते आहेत. तार गेली तर काय होतं, काय करायचं, नवा प्रोग्राम कसा चढवायचा, सगळं लिहिलंय. आत्याचे दोन शब्द कधी खोडताय?"

"बघू. वर कळवतो."

"पत्रात एकदा विचारलं. आत्ता दुसऱ्यांदा. उत्तर येईपर्यंत विचारत बसायचं, ही चूक मी सहा वर्षांपूर्वी केली, साहेब. आता मोजून विचारते." तिने भोंगा बंद केला आणि पाकिटावर हात ठेवला. "तिसऱ्यांदा विचारून झालं की हे टपालात जाईल, तुमच्या सहीने किंवा नुसत्या माझ्या. तेव्हा नीट ऐका. बावीस वर्षं पापणीला अंडं लावणाऱ्या बाईचं लक्ष नव्हतं, असं तुम्ही लिहिलंय. ते कधी खोडताय? तारीख सांगा."